आधी घरात विचारलंत का?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. मधल्या काळात घरात एक जुनी फाइल उघडली गेली, आणि तिच्या मागे लागता लागता मी स्वित्झर्लंड, फ्रान्स, फ्लोरिडा करत शेवटी आमच्या कोकणातल्या सामायिक जमिनीपर्यंत जाऊन पोचले. म्हटलं, एकदाच सगळं नीट लिहून टाकावं, म्हणजे प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगत बसायला नको. :-)

फाइल काकांची. काका १९९६ साली काकूला आणि मुलांना घेऊन ऑरलँडोला गेले होते. तिथे एका कंपनीनं गाठलं. नाश्ता फुकट, पार्कची तिकिटं फुकट, फक्त दीड तास आमचं ऐका. दीड तासाचे चार तास झाले आणि काका बाहेर आले ते दरवर्षी एका आठवड्याचे 'मालक' होऊन. अकरा हजार डॉलर मोजले त्यांनी. पहिली सात-आठ वर्षं सगळे हौसेनं गेलो. स्वयंपाकघर असलेली जागा, त्यामुळे काकू मसाल्याचा डबा आणि कुकर घेऊन यायची. सकाळी पोहे खाऊन मिकी माऊसला भेटायला जायचं, असा आमचा खाक्या होता. मग मुलं मोठी झाली, काकांचे गुडघे बोलायला लागले, आणि तो आठवडा बहुतेक वर्षं रिकामा जायला लागला. मेंटेनन्सचं बिल मात्र दर जानेवारीत न चुकता येत राहिलं.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. आता बिल काकूच्या नावावर येतं. दादाचं म्हणणं, "विकून टाकू, त्यात काय एवढं?" त्यानं चौकशी केली तर कळलं की हा आठवडा फुकट द्यायचा म्हटला तरी घ्यायला कोणी तयार नाही. आणि नेमकं त्याच सुमारास माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं तिचे डिस्नेचे पॉइंट्स विकायला काढले. गिऱ्हाईक मिळालं, किंमत ठरली, कागद कंपनीकडे गेले, आणि तीन आठवड्यांत उत्तर आलं की हे आम्हीच घेतो. मैत्रिणीला ठरलेले पैसे मिळाले, फक्त ते गिऱ्हाइकाऐवजी कंपनीकडून.

माझं डोकं तिथेच अडकलं. राज्य एक, धंदा एक, कागदाचा प्रकारही साधारण तोच. मग एक कंपनी आपला जुना माल धावत जाऊन परत घेते आणि दुसरी फुकटसुद्धा घेत नाही, असं का?

याचं उत्तर शोधायचं तर थोडं मागे जावं लागतं. सुट्टीची जागा अनेकांनी मिळून घ्यायची ही कल्पना मूळची युरोपातली. १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये हापीमाग नावाची कंपनी निघाली. तिचे शेअर घ्यायचे आणि त्या बदल्यात तिच्या जागांमध्ये राहण्याचा हक्क मिळवायचा. १९६७ च्या सुमारास फ्रेंच आल्प्समधल्या सुपरदेवोल्यूईला बर्फावर खेळायला येणाऱ्यांना सांगितलं जाऊ लागलं की खोली भाड्यानं घेण्यापेक्षा हॉटेलच विकत घ्या, स्वस्त पडेल. अर्थात सगळं हॉटेल नव्हे, वर्षातल्या आपल्या आठवड्यापुरतं.

अमेरिकेत ही कल्पना फोफावली ती अडचणीतून. सत्तरच्या दशकात फ्लोरिडात किनाऱ्यावर भरमसाट फ्लॅट बांधले गेले. मग १९७३ चं तेलसंकट आलं, मंदी आली आणि फ्लॅट पडून राहिले. एक फ्लॅट एका कुटुंबाला विकता येईना, तेव्हा बिल्डरांनी तोच पन्नास कुटुंबांना आठवड्या-आठवड्यानं विकायला काढला. म्हणजे बघा, हा धंदा तिथे वाढला तोच पडून राहिलेला माल खपवायची युक्ती म्हणून! १९७४ साली इंडियानापोलिसला जॉन आणि क्रिस्टेल डीहान या नवराबायकोनं आरसीआय काढली, म्हणजे आपला आठवडा दुसऱ्याच्या आठवड्याशी बदलून घ्यायची सोय झाली. फसवाफसवी इतकी वाढली की १९८१ मध्ये फ्लोरिडानं टाइमशेअरसाठी वेगळा कायदा केला. आज त्या कायद्याप्रमाणे सही केल्यावर दहा दिवसांत करार रद्द करता येतो. (दहा दिवस! सुट्टीवरून घरी येऊन कपडे धुवून होईपर्यंत संपतात.) मग मोठी नावं आली. मॅरियट १९८४ मध्ये उतरली आणि डिस्ने १९९१ मध्ये.

या सगळ्यात परत विकण्याचा विचार कोणी केला होता? खरं सांगायचं तर कोणीच नाही. टाइमशेअरच्या किमतीतला बराच मोठा भाग विक्रीवरच खर्च होतो. तो फुकटचा नाश्ता, ती तिकिटं, चार तास बोलणाऱ्या माणसाचं कमिशन, सगळं त्या अकरा हजारांतच असतं. आपण सही केली की तो भाग तिथल्या तिथे उडून जातो. दुसऱ्या दिवशी विकायला गेलात तर तुमच्याकडे ना नाश्ता, ना विक्रेता. शिवाय घेणाऱ्याला दिसतं ते दरवर्षीचं बिल. त्या बिलात तशीच खोली नुसती भाड्यानं मिळत असेल तर त्या कागदाची किंमत शून्य. बिल भाड्यापेक्षा जास्त असेल तर शून्याच्याही खाली. काकांच्या आठवड्याचं नेमकं हेच झालं होतं.

डिस्नेनं वेगळं काय केलं, ते आता सांगते. त्यांचं पहिलं रिसॉर्ट २० डिसेंबर १९९१ ला उघडलं. आज त्याला ओल्ड की वेस्ट म्हणतात. आठवड्याऐवजी त्यांनी पॉइंट्स विकले, सुरुवातीला ५१ डॉलरला एक. जमीन मात्र विकली नाही. ती डिस्नेचीच. सदस्यांचा हक्क ३१ जानेवारी २०४२ पर्यंत, त्यानंतर सगळं मूळ मालकाकडे परत. मुंबईतल्या ९९ वर्षांच्या लीजच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्यात त्यांना हे लगेच कळेल. आणि करारात एक कलम घातलं. इंग्रजीत त्याला 'राइट ऑफ फर्स्ट रिफ्यूजल' म्हणतात, इथली मंडळी लाडानं 'रोफर'. नाव ऐकून नकाराचा हक्क वाटतो, पण तो खरा आधी विचारून घेण्याचा हक्क आहे. आपल्याकडे कायद्याच्या मराठीत अग्रक्रयाधिकार म्हणतात तोच. असं कलम मॅरियट, हिल्टन यांच्याही बऱ्याच करारांत असतं.

ते चालतं असं. विकणारा आणि घेणारा किंमत ठरवतात, सह्या करतात, घेणारा इसार भरतो. मग तो करार जसाच्या तसा कंपनीकडे जातो. डिस्नेकडे त्यावर तीस दिवस असतात. त्यांनी 'आम्हाला नको' असं लिहून दिलं की व्यवहार पुढे सरकतो. 'हवं' म्हटलं तर कंपनी त्याच किमतीला, त्याच अटींवर घेणाऱ्याच्या जागी येऊन बसते. घेणाऱ्याचा इसार परत, विकणाऱ्याचे पैसे तेवढेच. कंपनीला घासाघीस करावी लागत नाही. ते काम दोन परक्या माणसांनी आधीच करून ठेवलेलं असतं. हुशारी आहे की नाही?

पण मग घ्यायचं कुठलं आणि सोडायचं कुठलं? निकष कंपनी जाहीर करत नाही. तरी धंद्याचं गणित मांडलं की बरंचसं दिसायला लागतं. समजा कोणी १६० पॉइंट्स १०० डॉलरच्या भावानं विकतोय. सोळा हजार. डिस्नेच्या नव्या पॉइंटची छापील किंमत आज दोनशेच्या वर आहे. म्हणजे तेच पॉइंट्स कंपनीला बत्तीस हजारांच्या आसपास विकता येतील, तेही एक वीट न रचता. त्यातून कमिशन, कागदपत्रं, जाहिरात वजा करा, तरी हातात काहीतरी उरतं. हेच पॉइंट्स कोणी १६० डॉलरनं विकत असेल तर उरणारं इतकं थोडं, की कंपनी म्हणते जाऊ दे. म्हणून पहिली कसोटी साधी. स्वस्तातला सौदा उचलायचा, महागातला सोडायचा.

दुसरी कसोटी, मागणी. एखादं रिसॉर्ट केव्हाच विकून संपलंय, पण लोक अजून तेच मागतात. नवं बांधता येत नाही, कारण जागा पार्कच्या दाराशी आहे आणि तिथे आणखी जागाच नाही. अशा ठिकाणचे पॉइंट्स मिळवायचा एकच मार्ग, जुन्या सदस्यांकडून परत घेणं. उलट ज्या रिसॉर्टचे न विकलेले पॉइंट्स कंपनीकडे पडून आहेत, तिथले आणखी कशाला घेईल ती? कारण परत घेतलेल्या प्रत्येक पॉइंटचा मेंटेनन्स, तो पुन्हा विकला जाईपर्यंत, कंपनीच्याच बोकांडी बसतो. हे मला सगळ्यात गमतीचं वाटलं. ज्या बिलानं काकूची झोप उडवलीय, त्याच बिलाचा विचार ती अवाढव्य कंपनीसुद्धा करते.

तिसरी कसोटी, कागदात शिल्लक काय आहे. पुढच्या दोन वर्षांचे पॉइंट्स वापरून संपवलेला करार आणि सगळे साठवलेला करार यांत फरक आहेच. उरलेल्या वर्षांचंही तसंच. ओल्ड की वेस्टच्या सदस्यांना २००७ मध्ये पैसे भरून मुदत २०५७ पर्यंत वाढवायची संधी दिली होती. काहींनी घेतली, काहींनी नाही. त्यामुळे एकाच रिसॉर्टात, एकाच मजल्यावर, दोन वेगवेगळ्या आयुष्यांचे कागद राहतात. आणि २०४२ जसं जवळ येईल तसं कंपनीला हाही विचार करता येईल, की थोडं थांबलं तर हे सगळं काही न देता आपल्याकडेच येणार आहे, मग आता पैसे कशाला मोजा?

चौथी गोष्ट मात्र एकेका सौद्याच्या पलीकडची. कंपनीनं स्वस्तातले करार अधूनमधून उचलले की विकणारे आणि घेणारे दोघंही फार खाली जात नाहीत. घेणाऱ्याला भीती असते की कमी भाव लावला तर महिनाभर वाट बघून सौदा हातचा जाईल. म्हणजे शंभरातले थोडेच करार घेऊन बाकीच्यांचा भाव टिकतो. आणि जुन्याचा भाव टिकला की नवं विकणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाला सांगता येतं, की बघा, आमचा कागद रद्दी होत नाही.

पण हे सगळं खिशात पैसे असतात तेव्हाचं. २००८ च्या मंदीत टाइमशेअरच्या कर्जांवर पैसा उभा करणं अवघड झालं, नवी विक्री आटली आणि परत घेणंही मंदावलं. २०२० च्या साथीत पार्कच बंद झाले, तेव्हा काही महिने पुन्हा तेच. ज्या दिवसांत लोकांना विकायची सर्वांत जास्त गरज होती, भाव सर्वांत खाली होते, त्याच दिवसांत कंपनीनं हात आखडता घेतला. हक्क कंपनीचा होता, कर्तव्य नव्हतं. हे वाक्य मी माझ्यासाठी अधोरेखित करून ठेवलंय.

आणि परत विकत घेणं हा एकच मार्ग नाही. जुना माल तुमच्याच नव्या मालाशी स्पर्धा करत असेल तर तो विकत घ्या, नाहीतर त्याची किंमत कमी करा. अप्पा बळवंत चौकात जुनी क्रमिक पुस्तकं घेतलेल्यांना हे माहीत आहे. अभ्यासक्रम बदलला की कालचं पुस्तक आज रद्दीत. डिस्नेनं २१ मार्च २०११ नंतर दुसऱ्याकडून घेतलेल्या पॉइंट्सवर त्यांच्या क्रूझ आणि इतर हॉटेलांचं बुकिंग बंद केलं. एप्रिल २०१६ पासून अशा सदस्यांच्या सवलती काढल्या. जानेवारी २०१९ पासून तर जुन्या चौदा रिसॉर्टांचे पॉइंट्स दुसऱ्याकडून घेणाऱ्याला नव्या रिव्हिएराचं दार बंद, आणि रिव्हिएराचे घेतले तर ते फक्त रिव्हिएरातच चालणार. यात एक पैसा न खर्चता नव्या-जुन्यातलं अंतर वाढलं.

हे वाचता वाचता मला आजोबा आठवले. आमची कोकणातली जमीन चार भावांत सामायिक. धाकट्या आजोबांनी आपला हिस्सा बाहेरच्याला द्यायचं बोलणं लावलं, तेव्हा आजोबांनी एवढंच विचारलं होतं, "आधी घरात विचारलंस का?" मला तेव्हा ती भाऊबंदकी वाटली होती. नंतर कळलं की त्यामागे मोठा इतिहास आहे. मुसलमानी कायद्यात त्याला शुफा म्हणतात, आणि हिंदुस्थानात बऱ्याच भागांत तो रिवाज म्हणून इतरांनीही उचलला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २२ व्या कलमात वारसांपैकी एकानं हिस्सा विकायला काढला तर बाकीच्या वारसांना आधी घ्यायचा हक्क दिलाय. १९६२ मध्ये भाऊ राम विरुद्ध बैजनाथ सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निवाडा दिला की नुसता शेजारी आहे म्हणून असा हक्क चालणार नाही, तो विकणाऱ्यावर अवाजवी बंधन आहे. सामायिक हिस्सेदाराचा हक्क मात्र राखला.

मला या निवाड्यामागचा विचार पटतो. ज्याचं त्या जमिनीत काही गुंतलंय त्याला आधी विचारा, पण केवळ सोय म्हणून दुसऱ्याला अडवू नका. आजोबांनी तो हिस्सा शेवटी घेतला तो कर्ज काढून, आणि भाव बाहेरच्यानं देऊ केलेलाच दिला. त्या जमिनीवर नफा काढायचा त्यांच्या मनातही नव्हतं. कंपनी तेच कलम वापरते ते नफ्यासाठी. त्यात वाईट काही आहे असं मी म्हणत नाही, करार वाचून सही केलेली असते. फक्त 'कंपनी आपलं परत घेते' हे ऐकून माया वाटून घेऊ नका, इतकंच.

असो. काकूच्या फाइलीकडे येते.

फाइलीत एक फॉर्म सापडला. काकांनी २००४ साली मागवलेला, मुलांची नावं मालकीत घालण्यासाठी. अर्धा भरलेला, दादाचं आणि ताईचं नाव काकांच्या त्या तिरक्या अक्षरात. सही नव्हती. काकूला विचारलं तर म्हणाली, "मीच थांबवलं. म्हटलं, मुलांना द्यायचं ते विचारून द्या." बाई गं, केवढं वाचवलंस! नाव घातलं असतं तर ते बिल दोघांच्याही दारात आलं असतं. आता फक्त काकूचं नाव आहे. तिच्यानंतर ते मुलांकडे येऊ शकतं, पण वारसा नाकारता येतो. अमेरिकेत तो लेखी नाकारावा लागतो, करासाठी मुदत साधारण नऊ महिन्यांची, आणि त्याआधी त्या जागेचा उपयोग करून घेतलेला नसावा. तपशील राज्याप्रमाणे बदलतो, म्हणून वकिलाला विचारा. 'शेवटचं एकदा जाऊन येऊ' म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचा.

मग आम्ही बाहेरच्या 'आम्ही सोडवून देतो' म्हणणाऱ्या लोकांचा नाद न करता (ते आधी हजारो डॉलर मागतात) सरळ मूळ कंपनीला पत्र लिहिलं. कर्ज फिटलेलं, बिलं भरलेली, मालकीण एकटी आणि वयस्क. आता अनेक कंपन्या असे करार पैसे न देता परत घेतात. कारण तेच जुनं गणित. बिल न भरणारा सदस्य सांभाळण्यापेक्षा खोली परत मिळालेली बरी. तीन फोन, दोन फॉर्म आणि चार महिन्यांनी होकार आला. एका वर्षाचा मेंटेनन्स भरून मोकळं व्हायचं.

मागच्या शनिवारी नोटरीसमोर काकूनं सही केली. अकरा हजारांचे शून्य झाले म्हणून दादा गाडीत चडफडत होता. काकू म्हणाली, "अरे, सात-आठ वर्षं तुम्ही सगळे एका टेबलावर जेवलात ना?" मग थोडं थांबून, "पण त्यांना ते आवडायचं हं." नंतर घरी येईपर्यंत कोणी बोललं नाही.

तर मंडळी, तुमच्यापैकी कोणाच्या कपाटात अशी फाइल असेल तर काढा आणि चार गोष्टी बघा. नाव कोणाकोणाचं आहे, मुदत कधीपर्यंत आहे, दरवर्षीचं बिल किती, आणि कंपनीला आधी विचारायचं कलम आहे का. कलम असेल तर विकताना खोटी किंमत लिहायच्या भानगडीत पडू नका. आणि नवा कागद घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा, की उद्या मी हा तुम्हालाच विकायला आले तर तुम्ही घ्याल का, आणि कितीला? तो काय बोलतो यापेक्षा करारात काय लिहिलंय ते वाचा. घाई करत असेल तर नाश्ता खाऊन उठा. :-)

काकू, तुझा कुकर माझ्याकडेच आहे. पुढच्या वेळी येशील तेव्हा घेऊन जा.